पारंपरिक नावाचा माणूस

लातुरात आमच्या गल्लीतून वरात निघाली की बँडवाले एक गाणं हमखास वाजवतात. ‘निलंग्याची नार आली, नाकापरीस नथ भारी.’ तुम्हीही कधीतरी त्यावर नाचला असाल. हात वर करून ओरडलाही असाल, ‘पत्र्याम्होरं बसली गं, करपली की भाकर सारी!’ पण मला सांगा, नवी नवरी पत्र्यासमोर कशाला बसेल? आरशासमोर बसेल, चुलीसमोर बसेल. पत्र्यासमोर बसून काय करते ती? एवढ्या वर्षांत एकानंही हे विचारलं नाही. आणि विचारायचं तरी कुणाला? गाणं माझं आहे, हेच कुणाला ठाऊक नाही.

माझं म्हणजे, एक शब्द सोडून माझं. त्या एका शब्दानं माझी निम्मी जिंदगी खाल्ली.

हे गाणं मी केलं ते निव्वळ जळून. किल्लारीच्या बाजूला आमचं गाव. मी घरातली थोरली सून. गावात कुणाचंही लग्न असो, विहिणीला चिडवायची गाणी करायला मला बोलावणं यायचं. विहीण जाडी असो, घारी असो, मानपानावरून रुसलेली असो, मांडवात शिरल्या शिरल्या मी तिच्यावर दोन ओळी करायची. गळा म्हणाल तर तेल न घातलेल्या रहाटासारखा. पण शब्द माझे. मी ओळ सांगायची, बाया उचलायच्या. तेवढ्यावर मी अशी मिरवायची की जणू सगळ्या तालुक्याचं हसू माझ्याच ओटीत बांधून ठेवलंय.

आणि मग माझ्या दिराचं लग्न झालं. जाऊ आली ती निलंग्याची. गावची न्हवं, तालुक्याची! रंग उजळ, नथ ही एवढी, आणि सोबत आणलेला लाकडी चौकटीचा आरसा. तेवढंही मी सोसलं असतं. पण पहिल्याच मंगळवारी देवीच्या आरतीला ती गायला लागली, आणि सासूबाईंच्या हातातलं निरांजन हलायचं थांबलं. शेजारची म्हातारी मला म्हणाली, “अगं, हिच्या गळ्यात खडीसाखर हाय का काय?” मी म्हणाले, “असंल. मुंग्या लागतील.”

दुसऱ्या दिवशी भाकरी तिच्याकडं होत्या. ती तव्यावर भाकरी टाकून आत कुंकू ठीक करायला गेली आणि भाकरी करपली. एकच करपली, पण मला तेवढी पुरे होती. दुपारपर्यंत गाणं तयार.

निलंग्याची नार आली, नाकापरीस नथ भारी
आरशाम्होरं बसली गं, करपली की भाकर सारी
अगं नखरेवाली, चूल इझली, चूल इझली!

पुढचं कडवं आडावरचं. पाणी आणायला गेली, घागर विसरली, आडाच्या पाण्यात तोंड बघत बसली. हे काही घडलेलं नव्हतं. पण जळायला लागलं की माणूस घडलं तेवढ्यावर थोडंच थांबतं?

पुढच्याच लग्नात मी ते काढलं. बाया हसून हसून लोळल्या. मी तिरप्या नजरेनं जावेकडं बघत होते, आता रडेल, मग रडेल. आणि ही बया काय करते? दुसऱ्या कडव्याला पदर खोचून मधोमध आली आणि स्वतःच गायला लागली. नथ हातानं हलवत, लटके मारत, ‘अगं नखरेवाली’ म्हणताना स्वतःच्याच छातीवर बोट ठेवत. मी तिला टोचायला केलेली सुई तिनं केसात फुलासारखी खोवली. त्या दिवसापासून बाया माझ्याकडं ओळ मागायच्या आणि तिच्याकडं गाणं. दोन्हींत केवढा फरक आहे, तो मला विचारा.

सासूबाई म्हणाल्या, “धाकटीचं गाणं लई ग्वाड हाय.”

धाकटीचं गाणं! मी त्या दिवशी वरणात मीठ घातलं नाही. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, कारण धाकटीनं लोणचं वाढलं होतं.

मग भूकंप झाला. गावातले गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. आम्ही बाया-पोरं आणि दोघे भाऊ खळ्यावर होतो, उडदाची रास पडली होती. सासरे तेवढे घरी होते. ते घरातच राहिले. त्याबद्दल मी इतकंच लिहीन. दगडमातीची भिंत कशी असते ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही.

पुढं सरकारनं पत्र्याची शेडं दिली. एका शेडात आम्ही, शेजारच्यात धाकटी, मध्ये नुसता पत्रा. ती पलीकडं खोकली तरी मला इकडं ऐकू यायचं. पण गाणं ऐकू आलं नाही. कुणाचंच नाही. जात्यावर बसलेली बाईसुद्धा तोंड मिटून दळायची.

उन्हाळ्यात शेडातलं पहिलं लग्न निघालं. मुलीला आई उरली नव्हती. हळद लावायला बाया जमल्या, हळद लागली, आणि सगळ्या गप्प बसून राहिल्या. हळदीला गाणं नाही म्हणजे काय ते आमच्यातल्या बाईलाच कळेल. मुलीचं अंग पिवळं झालं होतं आणि चेहरा पांढरा. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. ओळ मी सांगायची होती ना! माझ्या तोंडात ओळच येईना. खरं सांगते, शब्द मेले होते माझे.

तेवढ्यात कोपऱ्यातून धाकटीचा आवाज आला. हळू, घोगरा, आधी कुणी गातंय असं वाटलंच नाही.

“निलंग्याची नार आली, नाकापरीस नथ भारी...”

नथ नव्हतीच तिच्या नाकात. ढिगाऱ्यात गेली होती. दुसऱ्या ओळीला ती थांबली. आरसा आला होता ना ओळीत. आरसाही मातीखाली. तिनं इकडंतिकडं बघितलं, मागच्या चकाकत्या पत्र्याकडं तोंड केलं, त्यात वाकडंतिकडं दिसणाऱ्या स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली,

“पत्र्याम्होरं बसली गं, करपली की भाकर सारी!”

एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळं शेड हसायला लागलं. हसता हसता बाया रडत होत्या, रडता रडता टाळ्या वाजवत होत्या, आणि ती हळदीची पोर आईच्या नावानं हंबरडा फोडून वर हसतही होती. रोज सकाळी आम्ही सगळ्याच त्या पत्र्यात बघून कुंकू लावायचो. त्यात कपाळ एकीकडं आणि हनुवटी दुसरीकडं दिसायची. हे सगळं तिनं एका शब्दात आणून ठेवलं.

मीही हसले, मीही रडले. आणि डोळे पुसता पुसता मनात पहिला विचार काय आला असेल? हा शब्द मला का सुचला नाही! आजूबाजूला अख्खं गाव आडवं झालंय, आणि ही शहाणी एका पत्र्यावरून कुढतेय. आज तेव्हाच्या मला आठवून हसू येतं. पण खोटं कशाला बोलू, थोडं कुढायलाही होतं.

त्या लग्नात नवरदेवाचा एक लांबचा मामा आला होता, नांदेडचा. त्याचं तिथं कॅसेटचं दुकान होतं आणि वर गाणी भरायची खोली. त्यानं गाणं ऐकलं आणि सासूबाईंच्या मागंच लागला, “ह्या ताईंना नांदेडला पाठवा, कॅसेट काढू.” सासूबाई म्हणाल्या, “एकली कशी पाठवू? थोरली जाईल सोबत.”

गाणं माझं, आणि मी सोबत!

एसटीनं नांदेडला गेलो. धाकटी खिडकीशी बसून उसाचे फड बघत होती आणि मी तिच्याकडं. म्हटलं, घसा बसला तर बरं होईल, वारं लागू दे. तिनं खिडकी लावून घेतली.

गाणी भरायची खोली एका कापडदुकानाच्या वर. भिंतीला सगळीकडं अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. मी मामांना विचारलं, “एवढ्या कोंबड्या कुठं पाळता?” ढोलकीवाला हसला. मग मला कळलं की ते आवाज घुमू नये म्हणून असतात. पहिलाच घाव. पुढं मला कोरसमध्ये टाळी वाजवायला उभं केलं. धाकटी माइकसमोर, मी मागं. ती गायला लागली की माझी टाळी एक तर आधी पडायची, नाहीतर नंतर. मुद्दाम नाही हो! हातच ऐकत नव्हते. तीनदा गाणं थांबवलं. शेवटी मामा म्हणाले, “मोठ्या ताई, तुम्ही खाली जाऊन निवांत बसा. च्या पाठवतो.”

माझ्या गाण्यातून मलाच बाहेर काढलं.

मी खाली येऊन कापडदुकानात बसले आणि दुकानदाराला एकामागून एक लुगडी उलगडायला लावली. घ्यायचं काहीच नव्हतं. रागाला काहीतरी काम हवं होतं. वर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. निघताना धाकटीला साडी आणि नारळ मिळाला, मला खण. खण बरा होता. मी तो कधी शिवला नाही.

काही महिन्यांनी कॅसेट आली. निलंग्याच्या बाजारात दुकानाबाहेर भोंग्यावर लावलेली. मी चौथी शिकलेले. कव्हर हातात घेऊन बोट ठेवून वाचलं. गायिका म्हणून धाकटीचं नाव, ‘आणि सहकारी’. मी तर सहकाऱ्यांतही नव्हते. त्याखाली लिहिलं होतं, ‘गीत : पारंपरिक’.

माझ्या पायाखालची जमीन पुन्हा हलली. धाकटीनं स्वतःचं नाव दिलं असतं तर मी घरी जाऊन भांडले असते, जीव मोकळा केला असता. पण हा पारंपरिक कोण? कुठला? माझं गाणं त्याच्या नावावर कसं गेलं? मग मी दुकानातली बाकीची कव्हरं बघायला लागले, आणि माझे डोळेच फिरले. भारुडाची कॅसेट, गीत पारंपरिक. भोंडल्याची गाणी, गीत पारंपरिक. पाळणे, पारंपरिक. लावणीसुद्धा! हा माणूस पाळणेही लिहितो आणि लावणीही! मी उभ्या जन्मात विहिणींच्या पलीकडं गेले नाही, आणि ह्यानं काही म्हणता काही सोडलं नव्हतं.

दुकानदार तिथल्याच जुन्या मुसलमान घरातले, उतारवयाचे, मोठे चेष्टेखोर. मी त्यांना विचारलं, “चाचा, हा पारंपरिक मुलूखभर गाणी करून राहिला, ऱ्हातो कुठं?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग कव्हराकडं. मग चष्मा काढून गंभीर चेहरा केला आणि म्हणाले, “उनो? उनो तो कबके गुजर गए, भाभी.”

देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं. मेलेल्या माणसाबद्दल असं वाटू नये, म्हणून मी पदर डोक्यावर घेऊन तोंडानं ‘अरेरे’ म्हणाले. पण जीपमध्ये बसल्यावर माझा चेहरा असा खुलला होता की शेजारची बाई विचारायला लागली, “माहेराला चाललाव काय?” हे सुख फार टिकलं नाही. दिवाळीला नवी कॅसेट आली आणि तिच्यावर पुन्हा तोच. मेल्यावरही लिहीत होता!

घरी मात्र मी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, धाकटीनं माझं नाव मुद्दाम दाबलं आणि त्या माणसाला गाणं देऊन टाकलं. नवी गावं वसली, सिमेंटची घरं मिळाली, तिचं आणि माझं घर वेगवेगळ्या ओळीत आलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, मध्ये आता पत्राही नको.

पुढं मुलानं लातुरात घर बांधलं आणि मी इकडं आले. डाळमिलच्या धुरळ्याचं लातूर बघता बघता क्लासचं लातूर झालं. आमच्या वरच्या खोल्यांत अकरावी-बारावीच्या पोरी राहायला आल्या. कुणी देगलूरची, कुणी उदगीरची, डॉक्टर व्हायला निघालेल्या. सकाळी सगळ्या सायकली एकदम क्लासकडं सुटायच्या. त्यांचा स्वयंपाक माझ्याकडं. मी भाकरी करायची आणि त्या ओट्याशी उभ्या राहून घोकायच्या.

एक दिवस त्यांतल्या दोघी घोकता घोकता गायला लागल्या.

हायड्रोजनची नार आली, हेलियम तो लई भारी
सोडियम पडलं पाण्यात गं, भडकली की चूल सारी!

माझी भाकरी तव्यावरच राहिली.

“हे कुणाचं गं?”

“आमच्या रसायनाच्या सरांनी बनवलंय, आज्जी! भारी आहे ना? अख्खी बॅच गाते.”

घ्या! आधी धाकटी, मग पारंपरिक, आता रसायनाचे सर. मी उलथनं आपटलं. “ते गाणं माझं हाय. मी केलंय, सर जन्माला यायच्या आधी.”

पोरी एकमेकींकडं बघून हसल्या. म्हाताऱ्या माणसाला हसतात तसं, मायेनं. तेच जास्त झोंबतं. एक म्हणाली, “आज्जी, चाल पारंपरिक आहे. सरच म्हणाले.”

“त्या मुडद्याचं नाव माझ्या घरात घेऊ नको!”

“कुणाचं?”

“पारंपरिकचं!”

त्या पोरी खाली बसल्या. हसू आवरेना म्हणून अक्षरशः फरशीवर बसल्या. डोळे पुसत उदगीरच्या पोरीनं मला समजावलं की पारंपरिक म्हणजे माणूस नव्हे. जे गाणं कुणी केलं ते ठाऊक नसतं, पूर्वीपासून चालत आलेलं असतं, त्याला तसं म्हणतात. मी ऐकलं. भाकरी उलटली. करपली होती.

इतकी वर्षं मी ज्या माणसावर जळले तो नव्हताच! त्याच्या मरणाचा आनंदसुद्धा फुकट गेला. पण मग एक गोष्ट उरलीच. माणूस नव्हता, तर माझं नाव खाल्लं कुणी?

धाकटी तेव्हा नेमकी डोळे दाखवायला लातूरला आली होती, माझ्याकडंच उतरलेली. आतल्या खोलीत शेंगा फोडत बसली होती. मी पोरींसमोर तिला बाहेर बोलावलं आणि उभ्या उभ्या विचारलं, “नांदेडला त्या मामानं गाणं कुणाचं म्हणून विचारलं व्हतं का?”

“हाव. इचारलं की.”

“मग तू काय सांगितलीस?”

“थोरल्यांचं हाय म्हनले.”

“थोरल्यांचं म्हंजी?”

“तुमचं! तुम्ही थोरल्या न्हाईत का?” ती माझ्याकडं बघतच राहिली. “तर त्यो म्हनला, नाव सांगा. आता थोरल्या जावेचं नाव मी तोंडानं कसं घ्यावं? म्हनले, थोरल्यांचं नाव आमच्यात घेत नसतात. तर त्यो म्हनला, असं व्हय, जुन्या मानसांचं हाय. मी म्हनले, हाव. तुम्ही वर असताव तर तुमचं तुम्हीच सांगितलं नसतं का? पर तुम्ही खाली लुगडी बघून राहिल्या व्हता.”

जुन्या माणसांचं! माझा एक केस पिकला नव्हता तेव्हा.

बोलायचं म्हणून मी बोलले, “आन् गाणं तुझ्यावर केलं व्हतं, ते तरी ठावं हाय का तुला?”

“म्हंजी काय? नथ कुनाची व्हती? भाकर कुनी करपवली?” ती हसली. “लई जळायची मी तुमच्यावर, बाई. तुमाला राग आला तर गाणं व्हायचं. मला राग आला की नुसतं डोस्कं दुखायचं.”

ती माझ्यावर जळत होती! हे तिनं आधी सांगितलं असतं, तर मी किती सुखात राहिले असते.

उदगीरची पोर म्हणाली, “मग आता घ्या ना आज्जींचं नाव! उखाण्यात घ्या, म्हणजे चालतं.” बाकीच्यांनी टाळ्या वाजवून गलका केला. धाकटी लाजली. साठीच्या पुढची बाई, हातात शेंगांची टरफलं, आणि नव्या नवरीसारखी लाजली. मी भिंतीकडं बघत उभी राहिले. मला काही फरक पडत नाही असं दाखवत होते. पण माझे कान तिच्याकडं होते, सगळं अंगच कान झालं होतं. तिनं पदर सावरला आणि अजिबात न अडखळता म्हणाली,

“आरसा गेला मातीत, तोंड पाहिलं पत्र्यात,
...बाईंचं नाव घेते पोरींच्या घोळक्यात!”

नाव इथं लिहीत नाही. मी तिच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि माझं नाव एवढं गोड आहे हे मला माहीत नव्हतं.

पोरींनी घर डोक्यावर घेतलं. मी म्हणाले, “बारीक आवाजात घेतलीस, नीट ऐकू आलं न्हाई. पुन्हा घे.”

“एकदाच,” ती म्हणाली. “थोरल्यांचं नाव सारखं सारखं घेत नसतात.”

मग मीही म्हणून टाकलं, “पत्रा मात्र तुझा हं. पोरींनो, ध्यानात ठेवा, पत्रा हिचा हाय.” तिनं मान डोलवली, जणू एखाद्या हिश्शाची वाटणी ठरत होती.

आणि लगेच पुन्हा तेच जळणं. उखाणा हिला उभ्या उभ्या सुचला, यमकासकट! माझ्या लग्नात नवऱ्याचं नाव घेताना मी म्हटलेला उखाणा आत्यानं शिकवलेला होता, आत्याला तिच्या आत्यानं. पारंपरिक होता तो.

संध्याकाळी गल्लीतून वरात निघाली. बँडवाल्यांनी तेच वाजवलं. आम्ही दोघी गॅलरीत उभ्या, मागं पोरी. खाली ती माणसं पत्र्याम्होरं, पत्र्याम्होरं करून घाम गाळत होती. पोरी वरून ओरडल्या, “ओ, हे गाणं आमच्या आज्जींचं आहे!” बँडच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय! एका नाचणाऱ्यानं वर बघून नुसता हात हलवला.

मी शेजारी बघितलं. धाकटी कठड्याला टेकून टाळ्या वाजवत होती, एकही न चुकता, अगदी ढोलाच्या ठोक्यावर.

मी माझे हात पदराखाली घेतले. मेली.